मोठ्या संघाच्या बाकावर, की लहान संघाच्या गोलात?

पत्र

आम्ही मूळचे नाशिकचे, गेली नऊ वर्षं कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतो. मुलगा १४ वर्षांचा आहे आणि आईस हॉकीत गोली, म्हणजे गोलरक्षक, आहे. यंदा तो अंडर-१५ ट्रिपल-ए (वयोगटातला सगळ्यात वरचा दर्जा) संघात खेळतोय. पुढच्या वर्षी ओएचएलचा (ओंटारियोतल्या ज्युनियर लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे संघ आपापले नवे खेळाडू निवडतात तो, म्हणून रिंकवर आतापासूनच पालकांची कुजबुज सुरू झालीये. त्याला गोली म्हणूनच पुढे जायचंय. उंची ५ फूट ९ इंच. ‘एवढ्या उंचीला कोण विचारतंय’ असं एका पालकाने त्याच्यासमोरच ऐकवलं. एक सल्लागार सारखे फोन करतात, आत्ताच सही करा म्हणतात. ओएचएलमध्ये गेला तर सोळाव्या वर्षी घर सोडून परक्यांकडे राहायचं, हे सासूबाईंना अजिबात पटत नाही. त्यापेक्षा अमेरिकेतल्या विद्यापीठाचा रस्ता बरा का? यावर खरंच पोट भरतं का? पॅड वाढत्या अंगाचे म्हणून दोन इंच मोठे घेतलेत, ते चालतील ना? प्रत्येक गोल झाला की ह्यांचे काचेमागून हातवारे सुरू होतात, त्याचं काय करू? आणि हो, दोन महिने त्याची उजवी जांघ दुखतेय. कोच म्हणतात, स्ट्रेचिंग कमी पडतंय.
— एक आई

उत्तर

ताई, नमस्कार.

ड्राफ्ट, उंची, सल्लागार हे सगळं महिनाभर थांबेल. जे थांबणार नाही ते तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय. म्हणून जांघेपासूनच सुरू करतो.

आजचा गोली बटरफ्लाय पद्धतीने खेळतो. दोन्ही गुडघे बर्फावर टेकलेले, मांड्या जवळ आणि पावलं दोन बाजूंना फाकलेली. या स्थितीत खुबा वाकलेला असतो आणि त्याच वेळी मांडीचं हाड आतल्या बाजूला फिरतं. हाडं अजून वाढत असताना हीच हालचाल हजारो वेळा झाली, तर मांडीच्या हाडाच्या मानेवर एक उंचवटा तयार होऊ शकतो. डॉक्टर त्याला कॅम म्हणतात. हा उंचवटा खुब्याच्या वाटीच्या कडेवर आपटतो आणि त्या कडेला असलेली लॅब्रम नावाची कूर्चा मधे चिरडली जाते. गोलींमध्ये हे दुखणं इतकं नेहमीचं आहे की व्यावसायिक खेळाडूंच्या खुब्यांवर दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांची आता कोणाला बातमीसुद्धा वाटत नाही. दुखणं हाडाला हाड अडण्याचं असेल तर स्ट्रेचिंगने ते सुटत नाही. उलट मुलाला जमिनीवर बसवून पाय फाकवायला लावले की तीच चिरडलेली कूर्चा पुन्हा चिरडते. कोचचा हेतू वाईट नाही, पण हे निदान त्यांनी करायचं नाही.

साधा स्नायू ताणला असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला, दाबल्यावर दुखतं. खुब्याचं असेल तर जांघेच्या पुढच्या भागात खोलवर चिमटा बसतो, गाडीत बसताना किंवा मोजे घालताना जास्त जाणवतो, आणि विचारलं तर मुलगा बोटाने जागा दाखवण्याऐवजी कमरेच्या बाजूला पंजा धरतो. फॅमिली डॉक्टरकडून स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी घ्या. चिठ्ठी असली की ही भेट ओएचआयपीमध्ये, म्हणजे ओंटारियोच्या सरकारी आरोग्य विम्यात, बसते. डॉक्टर त्याला उताणं झोपवून, खुबा ९० अंशांत वाकवून, मांडी आत दाबून फिरवतील. तिथे चिमटा बसला तर एक्स-रे, लागलाच तर एमआरआय.

अहवाल येईपर्यंत सराव बंदच करायला हवा असं नाही, पण मोजायला हवा. एका सरावात तो किती वेळा गुडघ्यांवर पडतो ते एकदा बाकावर बसून मोजा. संघाचा तासाभराचा सराव आणि त्यावर गोली कोचचं खासगी सत्र धरलं तर आकडा सहज शंभरावर जातो. निम्मी ड्रिल्स उभ्याने करता येतात: कडांवरची स्केटिंग, लांबचे शॉट, हातांचं काम. खांबाला चिकटून एक पॅड आडवा टाकायचा, ज्याला गोली आरव्हीएच म्हणतात, तो प्रकार तूर्त पूर्ण बंद. सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखत असेल किंवा चालताना तो पाय वाचवत असेल, तर त्या आठवड्यात बर्फावर जायचं नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की मांडीच्या आतल्या स्नायूंसाठी कोपनहेगन प्लँक सुरू करा. कुशीवर वळून कोपरावर तोल घ्यायचा, वरच्या पायाचा गुडघा बाकावर ठेवायचा आणि कंबर उचलायची. एकेका बाजूला ६ ते ८ वेळा, असे दोन फेरे, आठवड्यातून दोनदा. पाऊल बाकावर ठेवून करायचा अवघड प्रकार नंतर.

उन्हाळ्यात सलग आठ आठवडे तरी गोलीचं सामान गॅरेजमध्येच राहू द्या. बॅडमिंटन, टेनिस, क्रिकेट काहीही खेळू दे. ब्रॅम्प्टनमध्ये क्रिकेटला तोटा नाही, आणि स्लिपमध्ये उभं राहून झेल घेणं ग्लव्हच्या हाताला फायद्याचंच आहे. बाराही महिने कॅम्प विकणाऱ्यांचं ऐकू नका.

पॅडचं उत्तरही इथेच येतं, कारण दोन इंच मोठे पॅड आणि दुखरा खुबा यांचा संबंध असू शकतो. पॅडच्या आतल्या बाजूला गुडघ्यासाठी जाड उशी असते, नी-ब्लॉक. खाली पडताना गुडघा तिच्या मध्यावर टेकला पाहिजे. पॅड मोठा असेल तर गुडघा ब्लॉकच्या खालच्या कडेवर पडतो आणि घसरतो, पॅड नीट वळत नाही, आणि मग तो वळवण्यासाठी मुलगा पाऊल बाहेर रेटतो. तो सगळा पीळ खुब्यात जातो. शिवाय पॅडचे वरचे भाग एकमेकांवर आपटून गुडघ्यांमधली फट उघडी राहते ते वेगळंच. दुकानात स्केट घालून, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप देऊन पॅड घ्या. वाढीसाठी एक इंच ठीक, दोन नाही. वरच्या दर्जाची नवी जोडी अडीच-तीन हजार डॉलरला पडते. या वयात ती वर्ष-दीड वर्षात आखूड होणार, म्हणून जुनी घेतलेली उत्तम. जुनं घ्यायचं नाही ते मास्क: आतला तडा बाहेरून दिसत नाही. मास्कवर सीएसएचा, म्हणजे कॅनडाच्या मानक संस्थेचा, शिक्का हवा. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) दिसणारी मोठ्या फटींची ‘कॅट-आय’ जाळी मुलांच्या हॉकीत चालत नाही, त्यातून काठीचं टोक आत येतं. गळ्याचं संरक्षक सक्तीचं आहे आणि ते मास्कखाली लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीखेरीज वेगळं हवं.

काठीकडे सहसा कोणी बघत नाही. स्टान्स घेऊन काठीचं पातं पूर्ण सपाट बर्फावर टेकलेलं असताना ब्लॉकरचा, म्हणजे काठी धरलेला, हात अंगाशेजारी सैल राहिला पाहिजे. काठीचा रुंद भाग, पॅडल, लांब असेल तर खांदा उचलला जातो आणि काखेखालून गोल बसतात. मग कोच म्हणतो, ‘हात हळू आहे’.

स्केटची धारही बघा. पात्याच्या मधोमध जी खाच पडते तिचं माप इंचात सांगतात. आकडा लहान तशी खाच खोल आणि पकड जास्त. बऱ्याच गोलींना ५/८ किंवा १/२ चालतं. बाजूला सरकताना पातं अडकून जांघेला हिसका बसत असेल तर धार उथळ करा, गुडघ्यांवरून ढकलताना पाय निसटत असेल तर खोल. दर वेळी एकाच माणसाकडून, एकाच मापाची धार लावून घ्या, नाहीतर काय बदललं हेच कळत नाही.

आता ‘पोट भरतं का’. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाकडे साधारण दोन गोली. म्हणजे जगभरच्या गोलींसाठी मिळून ६४ जागा. त्याखाली एएचएल, तिथेही ३२ संघ, आणि त्याखाली ईसीएचएल. पुढे खेळणाऱ्याला चौथ्या फळीत दहा मिनिटं खेळवून तयार करता येतं. गोलीला तशी सोय नाही. गोल एकच, एक खेळला की दुसरा बसला.

पैशांची उतरंड फार तीव्र आहे. इगोर शेस्टेर्किनने डिसेंबर २०२४ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सशी आठ वर्षांचा करार केला, सरासरी वर्षाला १ कोटी १५ लाख अमेरिकन डॉलर. गोलीसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. एनएचएलचा किमान पगार २०२५-२६ मध्ये ७ लाख ७५ हजार होता आणि नव्या करारानुसार २०२६-२७ पासून साडेआठ लाख. ऐकायला छान वाटतं, पण तरुण गोलीचा करार बहुधा ‘टू-वे’ असतो. एनएचएलमध्ये असेल त्या दिवसांचे एनएचएलच्या दराने, खाली पाठवलं की एएचएलच्या दराने, आणि एएचएलचा दर म्हणजे एखाद्या बऱ्या नोकरीएवढा. ईसीएचएलमध्ये आठवड्याला काहीशे डॉलर आणि राहायला संघाचं घर. तेही फक्त हंगामापुरतं. अनेक चांगले गोली पंचविशीपर्यंत याच दोन पायऱ्यांवर वरखाली करतात. युरोपात जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडन, फिनलंडमध्ये पगाराच्या व्यावसायिक लीग आहेत, पण त्यातल्या काही ठिकाणी परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बंधन आहे आणि त्यातली जागा गोलीवर खर्च करायची की नाही हे क्लब ठरवतो.

बॅकअप गोलीचा दिवस कसा जातो तेही मुलाला माहीत असू द्या. सामन्याच्या दिवशी सकाळच्या सरावातून त्या रात्रीचा गोली सगळ्यांच्या आधी आत जातो. बॅकअप मागे थांबतो, कारण त्या रात्री संघाबाहेर असलेल्या खेळाडूंना शॉट मारायला कोणीतरी समोर लागतं, आणि ते अर्धा-पाऊण तास त्याच्यावर शॉट मारत राहतात. रात्री बाकाच्या टोकाला दाराशी बसायचं, खेळाडूंना दार उघडून द्यायचं, आणि दोन तास थंड पडलेल्या पायांनी केव्हाही आत जायची तयारी ठेवायची. ऐंशीहून जास्त सामन्यांच्या हंगामात त्याला बहुधा वीस ते तीस मिळतात. ही नोकरी वाईट नाही, पण ज्याला फक्त खेळायला आवडतं, सरावाचा कंटाळा येतो, त्याच्यासाठी ती नाही.

उंचीबद्दल त्या पालकांनी मुलासमोर बोलायला नको होतं. पण मुद्दा अगदीच पोकळ नाही. गोलाचं तोंड १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. शॉट मारणारा सरळ समोर ९ मीटरवर आहे असं धरा. गोली गोलरेषेवर असेल तर त्याला पूर्ण १.८३ मीटर झाकायचेत. अर्धा मीटर पुढे आला की १.७३, दीड मीटर पुढे आला की १.५३. म्हणजे बुटका गोली पुढे येऊन मोठा होऊ शकतो. पण त्याच क्षणी पक (हॉकीची रबरी चकती) आडवा दुसऱ्या बाजूला गेला तर दीड मीटर पुढे आलेल्याला खांबापर्यंत परतायला जास्त अंतर पडतं. उंच गोली गोलरेषेच्या जवळच थांबून तेवढीच जागा झाकतो आणि त्याचा प्रवास वाचतो. गेल्या काही वर्षांत आडव्या पासवरचं आक्रमण वाढलंय, म्हणून स्काउटना सहा फूट तीन-चार इंचांचे गोली आवडतात.

तरी युसे सारोस ५ फूट ११ इंचांचा आहे आणि अनेक वर्षं नॅशव्हिलचा पहिला गोली आहे. सहा फुटी डस्टिन वुल्फला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कॅलगरीने २१४ वा उचलला, तेव्हा यादीत जेमतेम तीन नावं उरली होती. २०२५ मध्ये तो पदार्पण करणाऱ्यांच्या काल्डर ट्रॉफीसाठी अंतिम तिघांत होता. या दोघांकडे जे आहे ते शिकता येतं: पक काठीवरून सुटतानाच वाचायचा, आणि शॉट निघायच्या आत पाय थांबलेले असायचे. ताशी १४५ किलोमीटरचा शॉट १८ मीटरवरून ०.४५ सेकंदात येतो. सरकत असलेल्या गोलीला त्यात काही करता येत नाही. तुमचा मुलगा १४ चा आहे, किती वाढेल ते अजून ठरायचंय. उंचीचं दुःख करण्यापेक्षा व्हिडिओ काढा आणि शॉटच्या क्षणी थांबवून बघा, तो स्थिर आहे का.

आता रस्त्याचा प्रश्न. आमचं मत सरळ आहे: सतरा-अठरा वर्षांपर्यंत संघाचं नाव दुय्यम, तो गोलात किती सामने उभा राहतो ते पहिलं. गोली सरावाने सुधारतो, पण सामना वाचायला सामन्यातच शिकतो. रीबाउंड, म्हणजे अडवल्यावर उसळलेला पक, कुठे टाकायचा, समोर गर्दी असताना कोणत्या खांद्यावरून बघायचं, दोन गोल बसल्यावर तिसऱ्या शॉटला कसं उभं राहायचं, हे बाकावर बसून येत नाही.

ओएचएलमध्ये २० संघ, हंगाम ६८ सामन्यांचा. खेळाडू बहुतेक १६ ते २० वयाचे. एका संघात दोन गोली, आणि १९ वर्षांचा तयार गोली असेल तर १६ वर्षांच्याला पंधरा-वीस सामने मिळाले तर नशीब. तोच मुलगा अंडर-१८ ट्रिपल-ए किंवा ज्युनियर-ए मध्ये तीस-पस्तीस सामने खेळू शकतो. ड्राफ्टमध्ये निवड झाली म्हणजे त्याच वर्षी सही करून जायलाच हवं असं नाही. हक्क त्या संघाकडे राहतात, मुलगा एक वर्ष थांबून जाऊ शकतो. आणि बहुतेक संघ एका ड्राफ्टमध्ये एक-दोनच गोली उचलतात, त्यामुळे निवड झाली नाही म्हणून सगळं संपलं असंही नाही.

एकाच वर्षी जन्मलेले दोघे बघा, दोघांचं साल १९९३. जॉर्डन बिनिंग्टन ओएचएलमध्ये ओवेन साउंडकडून खेळला आणि २०११ मध्ये सेंट लुईसने त्याला ८८ वा उचलला. पुढे ईसीएचएलमध्ये कॅलमाझू, एएचएलमध्ये वेगवेगळी गावं, एक हंगाम तर दुसऱ्याच क्लबच्या एएचएल संघाला उसना. एनएचएलमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला ७ जानेवारी २०१९ ला, वय २५, आणि त्या सामन्यात एकही गोल दिला नाही. त्याच जूनमध्ये संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं. दुसरा कॉनर हेलेबक. सतराव्या वर्षी मिशिगनमध्ये शाळेच्या संघातून खेळत होता. मग टेक्सासमधल्या ओडेसा गावच्या ज्युनियर संघात एका हंगामात पन्नासहून जास्त सामने, तिथून २०१२ ला १३० व्या क्रमांकावर ड्राफ्ट, मग मॅसॅच्युसेट्स-लोवेल विद्यापीठात दोन वर्षं. २०२० , २०२४ आणि २०२५ ला सर्वोत्तम गोलीची व्हेझिना ट्रॉफी, आणि २०२५ ला लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट. सर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. त्याच्या नावावर दोन व्हेझिना आणि दोन स्टॅन्ली कप आहेत. गोली उशिरा पिकतात, म्हणून सोळाव्या वर्षी त्यांच्याबद्दल केलेली भाकितं पुढे जाणाऱ्या खेळाडूंच्या मानाने फार चुकतात.

ओएचएल की अमेरिकन विद्यापीठ हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी विचारला असतात तर उत्तर कठीण होतं. मेजर ज्युनियरमध्ये, म्हणजे ओएचएलसारख्या लीगमध्ये, खेळलेल्याला एनसीएए (अमेरिकन विद्यापीठांच्या खेळांची संघटना) व्यावसायिक समजत असे आणि ते दार बंद होई. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलला, आणि ऑगस्ट २०२५ पासून ओएचएल खेळलेला मुलगाही पहिल्या दर्जाच्या विद्यापीठ हॉकीत जाऊ शकतो. आता एक दार उघडलं की दुसरं बंद होत नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की विद्यापीठांना १९-२० वर्षांचे, ओएचएलमध्ये मुरलेले गोली मिळू लागलेत, त्यामुळे शाळा संपवून थेट अठराव्या वर्षी जागा मिळणं आणखी अवघड झालंय. म्हणून बारावीनंतर एक-दोन वर्षं ज्युनियरमध्ये काढावी लागतील असं धरूनच चाला.

एनसीएएसाठी शाळेच्या चार वर्षांत मिळून १६ ठरावीक विषय लागतात, आणि त्यातले दहा शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत. मोजणी नववीपासून होते, म्हणजे त्याची सुरू झालेलीच आहे. शाळेच्या मार्गदर्शकांना भेटून त्याचे विषय त्या यादीत बसतात का ते याच सत्रात तपासा. बर्फावर सगळं नीट करूनही एका गणिताच्या पेपरापायी मुलं अडकतात.

ओएचएलच्या करारात, खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एक वर्षाच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. सही करण्याआधी त्यातले बारकावे लेखी घ्या: नेमकं काय काय धरलंय, किती मुदतीत वापरावं लागतं, व्यावसायिक करार केला तर ते जातं का. संघाला याशिवाय तीन प्रश्न विचारा. दुसरा गोली कोण आणि कोणत्या सालचा? गोली कोच आठवड्यातून किती दिवस बर्फावर असतो? (बऱ्याच ठिकाणी एक-दोनच दिवस असतो.) पहिल्या वर्षी याला किती सामने सुरुवातीपासून देणार? आकडा सांगायचं टाळलं तर उत्तर मिळालंच.

सासूबाईंना सांगा, ‘परक्यांकडे’ म्हणजे बिलेट कुटुंब. संघ ते निवडतो, पैसेही संघ देतो, आणि त्या घरात बहुधा आधीही खेळाडू राहिलेले असतात. सही करण्याआधी ते घर प्रत्यक्ष बघायला जा, स्वयंपाकघरासकट. मुलगा शाकाहारी असेल तर आधीच स्पष्ट सांगा. डाळ-भात, पनीर, दही, अंडी खात असेल तर अंडी, याचं वेळापत्रक लिहून द्या. गोली एका सामन्यात घामावाटे दोन-तीन किलो पाणी गमावतो. सामन्याआधी आणि नंतर वजन करायला शिकवा, जेवढं उतरलं त्याच्या दीडपट द्रव पुढच्या काही तासांत, मीठ घातलेलं. पण सासूबाईंची शंका नुसती जुनाट म्हणून झटकू नका. सोळाव्या वर्षी वाईट खेळल्यावर रिकाम्या खोलीत परतणं सोपं नसतं. एनएचएलमध्ये खेळलेला गोली कोरी हर्श २०१७ मध्ये स्वतःच्या ओसीडीबद्दल (नको ते विचार पुन्हा पुन्हा मनात येण्याचा मानसिक आजार) आणि त्या काळात मनात आलेल्या टोकाच्या विचारांबद्दल जाहीरपणे बोलला. तेव्हा खेळत असताना त्याने हे बराच काळ लपवून ठेवलं होतं. रोज घरी फोन, आणि तो हॉकी सोडून कशावर तरी.

सल्लागारांचं एका ओळीत: पैसे मागितले तर फोन ठेवा. एनएचएल खेळाडू संघटनेकडे नोंद झालेल्या एजंटांची यादी असते, नाव तिथे आहे का बघा. चांगला एजंट या वयात फुकट सल्ला देतो, त्याची कमाई मुलाच्या पहिल्या व्यावसायिक करारातून होते. सहीची घाई त्याला असते, तुम्हाला नाही. ‘खास तुमच्या मुलाला निमंत्रण’ म्हणून येणारे शोकेसचे (पैसे भरून स्काउटसमोर खेळण्याच्या स्पर्धांचे) ईमेल शेकड्याने जातात. तो पैसा पॅडसाठी ठेवा.

आणि काचेमागचे हातवारे. गोलीला काचेमागचं सगळं दिसतं. गोल बसल्यावरच्या वीस सेकंदांत त्याला पाणी प्यायचं असतं, क्रीज, म्हणजे गोलापुढची आखलेली जागा, पायाने खरवडायची असते आणि पुढच्या फेसऑफकडे, म्हणजे खेळ पुन्हा सुरू होण्याकडे, बघायचं असतं. त्यात वडिलांचा चेहरा आला की तो पुढचा शॉट बापासाठी खेळतो. त्यांना हाताला काम द्या. वहीत रिंकचं चित्र काढून प्रत्येक गोलाची नोंद ठेवायची: शॉट कुठून आला, आधी आडवा पास होता का, समोर कोणी उभं होतं का, रीबाउंडवर होता का, कुठे बसला. दहा सामन्यांनंतर ती वही गोली कोचला द्यायची, मुलाला नाही. निम्म्याहून जास्त गोल आडव्या पासनंतरचे निघाले तर हात चांगले आहेत आणि पायांवर काम करायचंय. लांबून, समोर कोणी नसताना बसत असतील तर डोळे तपासा, अगदी चष्म्याच्या डॉक्टरांकडेही. सेव्ह पर्सेंटेजवरून घरात भांडू नका. ३० शॉटपैकी २७ अडवले की ०.९००, आणि २०२४-२५ मध्ये एनएचएलची सरासरीही तेवढ्यावरच येऊन ठेपली होती. दुबळ्या बचावामागे उभ्या असलेल्या मुलाचा आकडा त्याच्याबद्दल फारसं काही सांगत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नऊ वर्षं तिकडे आहात म्हणून लिहितो. मुलाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर सीमेपलीकडच्या प्रत्येक टूर्नामेंटला अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि अपॉइंटमेंट संघाच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळत नाही. कॅनडाच्या नागरिकाला विद्यापीठासाठी विद्यापीठाने दिलेला आय-२० फॉर्म लागतो, एफ-१ व्हिसाचा शिक्का लागत नाही. व्यावसायिक झाल्यावर पी-१ ची (खेळाडूंच्या व्हिसा प्रकाराची) कागदपत्रं संघ करतो. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, पासपोर्ट परत करून ओसीआय काढावं लागतं. घरात त्यावर एकमत व्हायला वेळ लागणार असेल तर चर्चा आताच काढा. अर्जाला महिने लागतात, आणि अंडर-१६ चा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो.